गेरूचं रान

ऑगस्ट १९७८, सोमवार संध्याकाळ

दादा बौद्धवाड्यातून आला तेव्हा त्याच्या कुऱ्हाडीला लाल लागलं होतं. मला रक्त वाटलं. "गेरू हाय," तो म्हणाला, "सुशीलाच्या भिंतीचा. विद्यापीठाचं लय नामांतर पायजे होतं त्यांना."

ती भिंत मी पाहिली होती. गेरू आणि कोळशानं सुशीलानं तिच्यावर पळसाचं रान काढलं होतं. आमच्या वावरात खुरपताना म्हणायची, "ताई, तुमी तोडलेली झाडं मी भिंतीवर लावायलेय." दादानं ती भिंत फोडली, घर पेटवलं. सुशीला आडवी आली, तर दांड्यानं तिचा हात मोडला. कोणता हात, हे मी विचारलंच नाही.

गेरू ऐकून मला हायसं वाटलं होतं. हायसं वाटलंच कसं मला? मग तो जेवायला बसला आणि मी त्याला गरम भाकरी वाढली.