पॅरोलच्या बाई आणि आईची आवराआवर

सेमिसी,

तू कामावर असताना तुझ्या पॅरोलवर देखरेख ठेवणाऱ्या केरिगनबाई न कळवता आल्या. घरात येऊन तुझी खोली बघायचा हक्कच आहे त्यांना. तू खरंच इथे राहतोस का, एवढंच बघायचं होतं. पण बाई कधीतरी येणारच, म्हणून आईनं कालच तुझे सगळे कपडे गॅरेजमध्ये कोंबून पलंगावर लग्नाकार्यात मानानं अंथरायची ठेवणीतली चटई अंथरलेली!

बाई म्हणाल्या, "इथे कोणी राहतं असं वाटत नाही."

आई खुलली. म्हणाली, "थँक्यू!"

बाई पाचला परत येतायत. खात्री पटली नाही तर तू पुन्हा आत. मी कपडे खोलीभर फेकलेत, मळके मोजे उशीवर ठेवलेत. काही आवरू नकोस, मूर्खा!

आई साडेचारला चर्चमधून येईल. झाडू मी गाडीत घालून नेलाय.

फेतू