चार नाण्यांचा कप्तान

ता. २ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. बातमी अशी, की तुझ्या मुलाला मी विकत घेतलं. घाबरू नकोस, कागदावर. आमच्या ऑफिसात दर हंगामाला रग्बीचा खेळ चालतो. प्रत्येकाला शंभर खोटी नाणी मिळतात, त्यांत खऱ्या खेळाडूंमधून पंधराजणांचा संघ जमवायचा. ते मैदानात खेळतील तसे आपल्याला गुण. शेवटी जो तळाला जाईल, त्याचं टेबल वर्षभर संडासाच्या दाराशी. सध्या तिथे मी बसतो. येणाराजाणारा माझ्या फायलींवर ओले हात झटकतो, आणि साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, की तुम्हाला आता दुसरीकडे करमायचं नाही.

बड्या नावांवर नाणी उधळायची आणि उरलेल्यांत लंगडी माणसं भरायची, ही माझी नेहमीची चूक. यंदा शहाणा झालो. तुझा लेक, म्हणजे आपला रणगाडा, खेळात नवा, म्हणून यादीत चार नाण्यांना पडून होता. त्याला घेतला आणि थेट कप्तान केला, कारण कप्तानाचे गुण दुप्पट धरतात. पोरगं असं काही खेळतंय, की मी वर वर सरकतोय. भाऊजींच्या माघारी वाढवलंस तू, पण चेंडू धरायला मी शिकवलं, हे विसरू नकोस.

चष्म्याच्या दुकानात फार वेळ उभी राहू नकोस. माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा


ता. १८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहायला बसले. मागच्या सामन्यात याच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला. उठला आणि समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. लोक हसले. तेव्हापासून डोकं ठणकतं, सकाळी उलटी होते, पडदे ओढून जेवतो. मी दिवसभर लोकांचे डोळे बघते रे. माझ्या बोटामागे याची नजर जाता जाता मध्येच अडकते.

क्लबच्या डॉक्टरला त्याने सांगितलेलं नाही. सांगितलं तर जागा जाईल म्हणतो. माझं ऐकत नाही, तुझा शब्द मात्र झेलतो. पुढच्या शनिवारी खेळू नकोस, आधी डॉक्टरला दाखव, एवढंच तू त्याला सांग. मला फार भीती वाटते आहे.

तब्येतीला जप. तुझ्याच भरवशावर आहे.
ताई


ता. २१ ऑक्टोबर, मंगळवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पावलं. काल रात्री फोनवर त्याच्याशी नीट बोललो. माझं ऐकलं त्याने, तू निर्धास्त राहा. तुझा स्वभाव पहिल्यापासून असाच. लहानपणी मला शिंक आली तरी तू शेजारच्या डॉक्टरांना उठवून आणायचीस, आणि ते मला लिमलेटची गोळी देऊन परत जायचे.

बाकी हंगामाचा शेवटचा आठवडा आहे. मी तळापासून एक घर वर आहे, त्यामुळे जेवण जात नाही. संघ बदलायला उद्यापर्यंत मुदत आहे खरी, पण चार नाण्यांत दुसरं कोण मिळणार.

राग नसावा, जिव्हाळा असावा.
धाकटा


ता. २४ ऑक्टोबर, शुक्रवार

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आज आई दुकानातून सुट्टी घेऊन घरात आहे म्हणून फोन करता येत नाही. तू सोमवारी म्हणालास तसंच करतोय. उद्याचा सामना उरकतो, डॉक्टरचं नंतर बघू. संघ बदलायची मुदत तेव्हाच टळून गेली होती, आता इच्छा असली तरी तुला मला काढता येत नाही, हे तू सांगितलंस म्हणून बरं झालं. नाहीतर मी आईचं ऐकून बसलो असतो आणि तू पुन्हा त्या दाराशी.

आईला सांगितलंय की मामाने खेळू नको म्हटलं. ती खूश आहे. उद्या दुकानात असेल, तिला कळायचं नाही. अक्षर वाईट आलंय, ओळी हलतात. सांभाळून घे.
तुझा रणगाडा


ता. २९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं टेबल खिडकीपाशी आलं, हे तुझ्या ऑफिसातल्या बाईंकडून कळलं. अभिनंदन. तुमचं काय बोलणं झालं होतं, ते मला त्यानेच सांगितलं. काही लपवायचं असतं, हे आता त्याला कळत नाही. त्या शनिवारी मैदानात कोसळल्यापासून डावा हात उचलत नाही. शर्टाची बटणं मी लावते. जेवढं परत आलं तेवढंच, असं डॉक्टर म्हणाले.

येऊन पाय धरतो, असं तू लिहिलंस. येऊ नकोस, तुझी माफी ठेवायला माझ्या घरात जागा नाही. तू एक काम करायचंस. त्याच्या डोक्यात तो हंगाम अजून चालूच आहे. दर शनिवारी संध्याकाळी फोन करून सांगायचंस, की तूच माझा कप्तान, आज असा खेळलास, इतके गुण केलेस. सामना तू रचायचा, आकडे तू काढायचे. हंगाम संपला, असं कधीही म्हणायचं नाही. आवाज रडवेला काढायचा नाही, तो घाबरतो. मी शेजारी बसून ऐकेन. मी गेल्यावरही हे चालू ठेवायचंस.

शुद्धीवर आला तेव्हा त्याने मला ओळखलं नाही. माझ्यामुळे मामा हरला तर नाही ना, असं त्याने नर्सला विचारलं.

वर आशीर्वाद लिहिला तो हाताच्या सवयीने. लोभाचं लिहीत नाही.
ताई