माझे पाय मोडलेले नाहीत

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
६ जानेवारी १९९९

चि. सौ. ज्ञानदा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

साताऱ्यात तुम्ही उभयता खुशाल असालच. परेशरावांना माझा नमस्कार सांग (जावई असले तरी टेम्पो घेऊन येणाऱ्या माणसाशी नमून वागलेलं बरं). माझी प्रकृती उत्तम असून दोन्ही पाय शाबूत आहेत. ते प्लास्टरमध्ये आहेत असं समोरच्या वसुंधराबाईंनी तुला फोनवर सांगितलं आणि तू लगेच माझी सायकल विकून मला सामानासकट रविवारी साताऱ्याला न्यायचं ठरवलंस. तेव्हा नेमकं काय घडलं ते कळवणं भाग आहे.

नंदाखाल गावचा सॅन्टन तुला आठवत असेल, माझ्या ऑफिसातला. रोज पहाटे मी सायकलने त्याच्याकडे चहाला जातो. यंदा थंडी अशी की सोपारा ओलांडलं की शेतावरचा वारा पायजम्यातून थेट हाडांत शिरतो. प्रथम मी पोटऱ्यांना वर्तमानपत्र गुंडाळून सुतळी बांधली. ऊब आली, पण पायडल मारताना इतकी खसखस होई की कुत्री मागे लागली (एक तर अर्धा अग्रलेख घेऊनच परतलं). सॅन्टनची बायको रेजिना हे पाहून फार हळहळली. तिने वाडीतून केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट आणलं आणि बाजाराला जाणारी विड्याची पानं बांधतात तसे माझे पाय घोट्यापासून मांडीपर्यंत घट्ट बांधून दिले. वरून पायजमा. काय ती ऊब! फक्त गुडघे वाकेनात. त्यामुळे सायकल हातात धरून आचोळ्यापर्यंत चालत आलो (पाय मात्र शेवटपर्यंत गरम होते). जिना कठड्याला धरून, ताठ पायांनी, आडवा चढलो. वसुंधराबाईंनी ते जाडजूड पाय पाहून तोंडावर हात ठेवला. मी आत जाऊन गाठी सोडेपर्यंत त्यांचा तुला फोन झालाही होता.

तरी काळजी नसावी.

दोन्ही पायांवर उभा असलेला,
तुझा बाबा

ता. क. टेम्पो नको. परेशराव एकटे आले तर कंदी पेढे घेऊन यावेत.

पुन्हा ता. क. खरं सांगतो. चहा मला घरीही करता येतो. पण तुझी आई गेल्यापासून सकाळी या घरात मला कोणी हाक मारत नाही. सॅन्टनच्या अंगणात घंटी वाजवली की तो आतून ओरडतो, "आला गो चंद्रहास, कप मांड!" अख्ख्या दिवसात माझं नाव तेवढंच एकदा कानावर पडतं. पोरी, सायकल राहू दे. आणि गुडघ्यात वाकेल असं काहीतरी लोकरीचं विणून पाठव.