म्युझियममधली उफणणी

१ सप्टेंबर २००७, शनिवार
आज जिभेनं घात केला. लंडनबाहेरच्या जुन्या खेड्याच्या म्युझियममध्ये चहा पिताना तिथलं सगळं बघणाऱ्या जोनबाईंना सांगून बसलो — आम्ही तिकडे शेतकरीच! लहानाचा मोठा झालो कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर. शेती आहे ती सासऱ्यांची, करमाळ्याजवळ. जोनबाईंनी लगेच सुगीच्या उत्सवात गहू उफणायचं काम माझ्या गळ्यात मारलं. सुप्रभा शेजारीच होती. बायको चहा ढवळतच राहिली, म्हणजे आपलं काही खरं नाही.

४ सप्टेंबर
मेहुण्याचा फोन. सासरे जाऊन वर्ष झालं, सतीशला आता बहिणीचं हक्कसोडपत्र हवंय. कागद महिनाभर फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकतोय. "सगळ्याच बहिणी सही देतात गं ताई. माहेर काय कुठे जातंय?" मीही री ओढली — करून टाक सही. हॅरोत बसून आपण कुठे नांगर धरणार? सुप्रभा म्हणाली, "बघू."

११ सप्टेंबर
गार्डनमध्ये चहाच्या ट्रेमधून तांदूळ उफणले. शेजारच्यांच्या मांजराला लागले. सुप्रभानं विचारलं तर 'योगा' म्हणालो.

१६ सप्टेंबर, रविवार
उत्सव. मला वेस्टकोट आणि गवती हॅट. जोनबाईंनी माइकवर 'अवर इंडियन फार्मर' म्हणून ओळख करून दिली. स्टुलावर चढलो, सूप उंच धरलं, गहू सोडला — वाऱ्याकडे तोंड करून! भुसा माझ्या नाकातोंडात, उरलेला चर्चच्या व्हिकारच्या अंगावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, भारतात असंच उफणतात.

"उतर," सुप्रभा म्हणाली. बाह्या सरसावल्या, चिमूटभर भुसा सोडून वारा बघितला, स्टूल फिरवलं. मग दाणे सरळ खाली आणि भुसा पलीकडे. कुणी थांब म्हणेना, तीही थांबेना. अख्खं पोतं संपवलं. एकदाच बोलली, "बाबांनी शिकवलं. सतीशला कधी जमलं नाही."

पंधरा वर्षांच्या संसारात मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. लाज वाटली, खरंच. ट्रेनमध्ये तिचे डोळे ओले दिसले. विचारलं, "भुसा गेला का गं?" माझ्यासारखा गाढव मीच.

"नाही. वारा माझ्या पाठीशी होता."

१८ सप्टेंबर
दूध काढायला गेलो तर फ्रिजवर नुसतं मॅग्नेट. कागदाचे चार तुकडे रिसायकलिंगच्या डब्यात. सतीशला तिनं सकाळीच कळवलंय, ज्वारीच्या पेरणीला येतेय म्हणून. तिकीट एकच काढलंय. मी परतीची तारीख विचारली.

म्हणाली, "बघू."