बाबांच्या गाडीचा डावा दिवा

४ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी विकायची! जेवताना नवऱ्याने जाहीरच करून टाकलं. रविवारी गिऱ्हाईक येणार. कारण काय, तर बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अंधारात गाडी चालवताना दिसत नाही.

"दिसतं रे मला! डावा दिवाच मध्येच मान टाकतो."

"गॅरेजमध्ये नेला की कसा बरा लागतो? दोनदा बल्ब बदलला. दिव्याचं काही नाही बाबा, तुमच्या डोळ्यांचं आहे."

बाबा भाजी तशीच टाकून उठले. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या या माणसाने. त्याला डोळ्यांवरून बोलायचं? मला फार लागलं ते. आता तो दिवा मीच बघणार. माझ्यापुढे गाडी चालवायचं नाव काढू नका – लायसन्स कपाटात पडलंय, स्टिअरिंगला हात लावायची हिंमत नाही – पण शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करते म्हटलं!

५ फेब्रुवारी

बाबा आत बसले, मी बोनेटसमोर. दिवा लख्ख. पुन्हा लावला – लख्ख! मेला ऐन वेळी साळसूद होतो. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

६ फेब्रुवारी

सापडलं काहीतरी! बाबांचा हात चुकून डाव्या इंडिकेटरला लागला आणि शेजारचा हेडलाइट त्याच्या तालावर डोळे मिचकवायला लागला. मी किंचाळलेच. बाबा धावत पुढे आले, "बघ! बघ! मी काय सांगत होतो?" आम्ही दोघांनी अंगणात नाचायचंच बाकी होतं. शेजारीण खिडकीतून – "काय हो, लॉटरी लागली की काय?"

नवऱ्याला हाताला धरून आणेपर्यंत दिवा पुन्हा शहाणा. "छान लागलाय की," म्हणाला आणि गेला. असा राग आला!

८ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळं नीट लिहून काढायचंय.

सकाळी शाळेत मुलांना बॅटरी आणि बल्ब जोडून दाखवत होते. दरवर्षीचंच वाक्य – "वीज नुसती जाऊन भागत नाही, तिला परत यायला वाट लागते." बोलता बोलता मीच थांबले. बल्ब बघितला, फ्यूज बघितला, परतीची वाट कुणी बघितलीच नाही! गाडीत ती वाट म्हणजे गाडीचा पत्रा. दिव्याची आणि इंडिकेटरची मिळून एकच काळी तार निघते आणि स्क्रूने पत्र्याला आवळलेली असते. म्हणजेच अर्थिंग!

शाळेतून एक लांब तार आणली (मागून आणली, मागून!). एक टोक त्या काळ्या तारेला, दुसरं थेट बॅटरीच्या वजा टोकाला. इंडिकेटर लावला. दिवा ठाम! तार काढली – लागला मिचकवायला. मग स्क्रू उघडला आणि कपाळाला हात लावला. खाली पत्रा नव्हताच. रंग होता. निळा, गुळगुळीत, चांगले तीन हात दिलेले.

बाबांपुढे जे स्थिर उभं राहील ते रंगतं. आमच्या न्हाणीघराची खिडकी रंगानेच चिकटून बसली आहे. मागच्या वर्षी गाडीची पाळी आली होती. इतर माणसं स्क्रूच्या कडेने ब्रश फिरवतात. यांनी स्क्रू काढला, खाली रंग दिला, वाळू दिला, पुन्हा लावला! स्क्रूच्या आट्यांमधून काय थोडीफार वीज परतायची तेवढीच, आणि खड्डा आला की तीही नाही.

"अर्धवट काम मला जमत नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले. मग आम्ही दोघं हसत सुटलो. मी तर जमिनीवर बसले. पॉलिश पेपर त्यांच्याच हातात दिला – तुमचा रंग, तुम्हीच खरवडा. स्वतःचाच दात उपटावा तसं तोंड करून त्यांनी खरवडला. खाली पत्रा चमकला.

संध्याकाळी नवरा खड्ड्याखड्ड्यांतून गाडी फिरवून आला. दिवा जरासुद्धा हलला नाही. "चुकलो, बाबा." तिथल्या तिथे गिऱ्हाइकाला फोन – गाडी विकायची नाही! बाबा इतके खूश, की दोनदा जेवले असते.

९ फेब्रुवारी

अंधार पडल्यावर बाबा आणि मी फिरायला निघालो. दोन्ही दिवे लख्ख. वळणावर बाबांनीच रंगवलेली पाटी आहे, हातभर अक्षरांची. तिच्यासमोर त्यांनी गाडी थांबवली. बघत राहिले.

"काय लिहिलंय ग?"

मला वाटलं, थट्टा करतायत.

"दिवा बिघडलाच होता," ते म्हणाले. "पण पोरगाही खोटं बोलत नव्हता." मग उतरले, फिरून माझ्या बाजूला आले, दार उघडलं. "सरक पलीकडे. गाडी विकायची नाही असं ठरलंय ना?"

घरापर्यंत मी चालवली.