पेटीतलं तुळशीचं पान

प्रिय सगुणा,

फोन सोडून दादा पत्र का लिहायला बसला, म्हणून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. अल मनखूलच्या खोलीत आम्ही अजून सहाजण आहोत आणि सज्जातली तुळस या उन्हातही तगली आहे. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी सुटतो. या वेळी मला सुटायचं नाही.

सध्या अबुधाबीच्या एका म्युझियमचं काम आहे. प्रदर्शन संपलं, चीनहून आलेल्या जुन्या वस्तू परत जायच्यात. त्यांच्या पेट्या आम्ही रास अल खोरच्या गोदामात बनवतो आणि भरायला तिकडे जातो. बाबा दारं-खिडक्या करायचे, मी खोकी करतो. सुताराचा मुलगा सुतारच राहिला! काम मात्र नाजूक. फोमच्या जाड थरात वस्तूच्या आकाराची खळगी कापायची, वस्तू तसूभरही हलता कामा नये. तीन हजार वर्षांचं एक काशाचं भांडं आहे, तीन पाय आणि दोन कान असलेलं. कान धरून ते उचलायचं नाही, दोन्ही हात पोटाखाली घालायचे. आई बरोबर उलटं करायची, माझा कानच आधी धरायची. आणि ताप आला की काशाच्या वाटीने तळपाय घासत बसायचीही तीच.

त्याच वस्तूंत जेडचा एक किडा आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा, हिरवट दगडाचा. पावसाआधी आपल्या जांभळीवर दिवसभर किर्र करतो ना, तोच. अलिना म्हणून वस्तू तपासणारी एक बाई आहे, कडक पण मनाने भली. हा कशाला कोरला असेल, म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, दोन हजार वर्षांपूर्वी तिकडे मेलेल्या माणसाच्या जिभेवर हा ठेवायचे. किडा जमिनीतून पुन्हा वर येतो, तसं माणसानेही यावं म्हणून. पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. आईच्या तोंडात तुळशीचं पान तू ठेवलंस. ते माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी मी वेडेपणा केला. सज्जातल्या तुळशीचं पान खिशातून नेलं आणि किड्याच्या खळगीत तळाशी ठेवलं. असल्या पेटीत ओलं पान म्हणजे गुन्हाच, त्याने बुरशी धरते. झाकण लावायच्या आधी अलिनाला ते सापडलं. ती ओरडली आणि मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. मग तिला सगळं सांगितलं. रिपोर्ट तिने केलाच, मला वॉर्निंग मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण जाताना तिने विचारलं, जे मला सांगितलंस ते बहिणीला कधी सांगणार?

तर ऐक. मला रजा मिळाली नाही, हे खोटं होतं. लगेच निघ, असा तुझा फोन आला त्याच दुपारी आमच्या हमीदभाईंनी रजा दिली, तिकीटही काढून दिलं. मीच गेलो नाही. आदल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर आईने माझ्याकडे बघून, हा कोण, असं विचारलं होतं. समोर गेल्यावरही तिने तेच विचारलं तर, या भीतीने मी खोलीत बसून राहिलो. आणि तू माझी बाजू घेऊन साऱ्या वाडीशी भांडलीस, काकांशी बोलणं टाकलंस. ते भांडण मिटव, मनात असतं तर तो आला असता, हे काका खरंच बोलत होते. वर्षश्राद्धाला मी येतोय. घरात घ्यायचं की खळ्यातूनच परत पाठवायचं, ते तू ठरव. तेराव्याला तू मला फोनवर सांगितलंस की आई दात आवळून होती, पाण्याचा थेंब घेत नव्हती; तू तिच्या कानात खोटंच म्हणालीस, रामू आलाय, तेव्हा तिने तोंड उघडलं. मी तिच्या लक्षात होतो गं, सगुणा. तुझं ते खोटं मला खरं करता आलं असतं. तिकीट माझ्या उशाशी होतं.

तुझाच, तू ठेवशील तर,
रामेश्वरदादा