भरलेली बाटली

प्रतीक्षा,

तू गाढ झोपली आहेस, म्हणून उठवलं नाही. माठाजवळ आंबील झाकून ठेवलीय, सगळी पी.

आज तुझी आशाताईची फेरी मी करते. यादी आणि ओआरएसची पाकिटं घेतली आहेत. ओरडू नकोस, डोक्याला ओला पंचा बांधलाय, दहाच्या आत येते.

काल तू दारातच भोवळ येऊन पडलीस आणि म्हणालीस, "आई, त्या चाळीत संडास नाही. पाणी प्यायले तर जाऊ कुठं?" महिनाभर तुझी बाटली भरलेली परत येत होती आणि मी मेली समजत होते, पोर वाटेत भरून घेते. सगळ्या सरावली गावाला "तहान लागायच्या आधी पाणी प्या" सांगणारी तूच ना गं?

रात्री पडल्या पडल्या ओवी सुचली:

ऊन पेटलं पेटलं, वाट निखाऱ्याची झाली,
सून माझी दारोदारी सावली वाटीत गेली.

चाळीमागच्या कमळीकडे संडास आहे. तुझ्यासाठी दुपारी दार उघडशील का, असं तिला विचारते. नाही म्हणायची नाही. तिच्या सासऱ्याला ऊन लागलं तेव्हा तूच त्याला रिक्षात घातलंस.

उद्यापासून बाटली रिकामी घरी आण.

आई